टॅरंटुलाची पेटी: बेळगावच्या पावसाळ्यात काय करायचं?

कुंदाप्रेमी (टिळकवाडी)
मंडळी, नमस्कार. कोल्हापूरच्या एका ब्रीडरकडून मेक्सिकन रेडनी आणलीय, ब्रॅकिपेल्मा हमोरी. पाय पसरले की चार इंच भरते. ब्रीडर म्हणतो मादी आहे. घरात माशांची जुनी टाकी पडून होती, २४ x १२ x १२ इंच, तीच वापरलीय. आत दोन इंच कोकोपीट, प्लॅस्टिकची गुहा, पाण्याच्या वाटीत स्पंज, वर बारीक लोखंडी जाळीचं झाकण, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). एका व्हिडिओत ७५ टक्के आर्द्रता हवी असं सांगितलंय, म्हणून रोज सकाळी फवारा मारतो.

आता पाऊस लागलाय. मीटर ८८ दाखवतो, काचेला आतून पाणी सुटलंय, आणि बाई खाली उतरायलाच तयार नाहीत. दिवसरात्र कोपऱ्यात काचेला चिकटून. रातकिडा सोडला तरी ढुंकून बघत नाही. आई म्हणते, "तिला घर पसंत नाही." काय काय बदलू?

घाटमाथा (जांबोटी)
आईंचं बरोबर आहे. फवारा आजपासून बंद. हीट मॅटची पिन काढा. बाकीचं रविवारी निवांत करा.

ही कोळीण मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या पानगळीच्या रानातली. तिथं पावसाचे काही महिने सोडले तर वर्षभर कोरडं, आणि ती राहते बिळात. व्हिडिओवाले बहुतेक थंड देशातले. त्यांच्या घरात हिवाळाभर हीटर चालतो, हवा पार सुकून जाते, म्हणून ते पाणी मारतात. आपल्याकडं जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं आणखी पाणी कशाला? ओल्या जमिनीवर पाय टेकायचा नाही म्हणून ती काचेवर बसलीय. नवीन घरात पहिले काही दिवस काचेवर फिरणं तसं नेहमीचंच, पण तुमच्या टाकीत कारण ओल हेच आहे.

हीट मॅटचं असं: रानात ऊन लागलं की कोळी खाली उकरत जातो, खाली गार असतं. तुम्ही आच खालूनच दिलीत तर बिचारी पळणार कुठं? २२ ते २८ अंश तिला पुरतं, आणि ते तुमच्या खोलीत फुकट मिळतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. दोन इंच माती म्हणजे वर दहा इंच मोकळे. ती झाकणापर्यंत चढते आणि तिथून सुटली तर पोट फुटतं. तिच्या पोटाला कवच नाही, पातळ कातडी आहे. फुटलं की आतला द्रव वाहत राहतो आणि बहुतेक वेळा जनावर जातं. पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त उंची मोकळी ठेवायची नाही. तुमची चार इंची, म्हणजे सहा इंच. टाकीत सहा-सात इंच माती भरा, प्रश्न मिटला.

जाळीचं झाकणही काढा. पायाच्या टोकाला नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि ती लटकून राहते.

कुंदाप्रेमी
सात इंच?! केवढी माती लागेल ती! आणि आर्द्रता ८८ आहे त्याचं काय करू?

घाटमाथा
साधारण ३०-३५ लिटर. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर होते, तुम्हाला अर्धी वीट पुरे. रोपवाटिकेत मिळते. फक्त "खत मिसळलेलं" लिहिलेलं घेऊ नका. आणि एकदा भिजवून पिळून पहिलं पाणी टाकून द्या, काही विटांत खारटपणा असतो.

विटेवर बादलीभर पाणी ओतून सकाळी लगदा टाकीत लोटायचा नाही. घमेल्यात पसरून दोन-तीन दिवस वारा द्या. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये, आणि बोटानं टोचलं की गोळा मोडावा. या दिवसात गच्चीवर वाळणार नाही, पंख्याखाली वाळवा. भरताना थराथरानं हातानं दाबत जा. भुसभुशीत ठेवलं तर बीळ ढासळतं.

८८ चं काही करू नका, मीटरच काढून ठेवा. दोनशे रुपयांचा मीटर मातीत काय चाललंय ते सांगत नाही. माती बघायची आणि तिचं पोट बघायचं. पोट टरारलेलं असेल तर तहान नाही. सुरकुतलं, लहान झालं, तर पाणी हवंय. पाय पोटाखाली मुडपून घेतले तर मात्र तातडीनं वाटीशी न्या. कोळ्याचा पाय लांब होतो तो आतल्या द्रवाच्या दाबानं, दाब गेला की पाय मिटतात.

स्पंज फेकून द्या. ती तोंड टेकवून सरळ पाणी पिते. स्पंजात नुसता वास धरतो.

बोर्डवाला (शहापूर)
माझा धंदा अॅक्रिलिकचे बोर्ड करायचा, कोळ्यातलं कळत नाही. पण भाचा हे पाळतो, त्याच्या पेट्या मीच करून देतो, म्हणून सांगतो.

काचेच्या टाकीला बाजूनं भोकं पडत नाहीत, म्हणून हवा नुसती वरून जाते आणि खाली कोंदट राहतं. एक तर टाकीवर ४ मिमीचं अॅक्रिलिक झाकण टाकून दोन्ही टोकांना भोकांच्या रांगा पाडा. नाही तर पेटीच नवीन करा: १२ x ८ तळ, १० इंच उंच, माती चार-पाच इंच, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना मातीच्या वर भोकं. एका बाजूनं वारा शिरतो, दुसरीकडनं निघतो. ३ मिमीचं बिट, ड्रिल सावकाश, वर मास्किंग टेप, म्हणजे तडा जात नाही. सोल्डरिंगच्या टोकानं वितळवून पाडली तर कडेला राहिलेली धारदार कड घासून घ्या.

महत्त्वाचं: आम्ही जोड क्लोरोफॉर्मनं मारतो. पेटी मिळाली की लगेच जनावर सोडू नका. आठवडाभर उघडी ठेवा, नाक घालून बघा, वास गेला की मगच. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पेटीच देत नाही.

निपाणीचा_नातू
इथं पेटीच्या आतलं सगळं बोलताय, पेटीच्या बाहेरच्या हवेचं कोण बोलणार?

आमच्या घरामागं तंबाखूची वखार. लहानपणी आजोबा तंबाखूचा काढा करून मिरचीवरच्या माव्यावर मारायचे. निकोटिन हे किड्यांचं विषच आहे, आणि कोळी काही त्यातून सुटत नाही. म्हणून माझा नियम: वखारीतून आलेल्या हातानं, त्या कपड्यांत पेटी उघडायची नाही. कोपरापर्यंत साबण, शर्ट बदलून मग. घरात तंबाखू मळणारे कोणी असतील तर रातकिडे पकडायचं काम त्यांना देऊ नका.

बाकी घरोघरी असतं तेच: डासांची कॉइल, भिंतीत खोचायची लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू. हे सगळं आठ पायवाल्यालाही लागतं. कपाटात पेटी ठेवणाऱ्यांनी डांबरगोळ्या आधी काढाव्यात. कुत्र्याला मानेवर गोचिडांचे थेंब टाकले असतील तर तो हात पेटीत नको.

आणि पावसाळ्यात डेंग्यूचा धूर मारायला गाडी येते. आवाज आला की खिडक्या बंद, पेटी आतल्या खोलीत, वर चादर. धूर बसल्यावर काढायची. पाय थरथरायला लागले, चालताना धडपडायला लागली, तर पहिला संशय या गोष्टींवर घ्या.

कुंदाप्रेमी
बाप रे. लिक्विड मशीन माझ्याच खोलीत आहे, पेटीपासून चार हातांवर. आजच मच्छरदाणी काढतो माळ्यावरून.

अथणीची_माई
बाळांनो, सगळं वाचलं. माझा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची कोळीण माझ्याकडं राहिली. पाहुण्यांना दाखवत नाही, सांगतही नाही. मादी वीस-वीस वर्षं जगते हे चिरंजीवांनी जाताना सांगितलंच नव्हतं! आता सवय झाली. रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवला की ती बिळातून पुढचे दोन पाय काढते, तेवढं बघते आणि झोपायला जाते.

घाटमाथा सांगतात ते त्यांच्या जांबोटीला खरं. आमच्या अथणीला तसं करून चालायचं नाही. इकडं पाऊस मुळात कमी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कोकोपीट वरून खालपर्यंत भुकटी होतं. मी पेटीच्या एका कोपऱ्यात पपईच्या देठाची नळी उभी पुरलीय, आठवड्यातून एकदा तिच्यातून अर्धा पेला पाणी सोडते. खालची माती गार ओली, वरची कोरडी. तिला हवं तिथं ती जाऊन बसते. आणि पाण्याला खानापूरची मातीची वाटी. ती पाझरते, तिच्याभोवती वितभर ओल राहते, माठासारखी.

दुपारी पेटी पत्र्याच्या खोलीत नको. आमचं जुनं कौलारू घर आहे, तिथं जमिनीवरच ठेवते, भिंतीच्या सावलीला.

घाटमाथा
माई, एकदम मान्य. एकाच जिल्ह्यात कणकुंबीचा धो-धो पाऊस आणि अथणीची कोरड, दोन्ही आहे. पावसाळ्यात इकडं मात्र पाझरती वाटी नको. आम्ही चिनीमातीची बशी वापरतो, नाहीतर पाझरलेल्या जागी आठ दिवसांत पांढरी बुरशी. लपायला मात्र खानापूरचीच फुटकी हंडी, अर्धी मातीत पुरून. धारदार कडा फरशीवर घासून घेतो. ते प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा कधीही बरं.

बुरशी आलीच तर: तो भाग चमच्यानं काढा, उरलेलं खाद्य काढा, हवेची भोकं वाढवा. कुजक्या पानांखाली पांढरे, टुणकन उडणारे बारीक जीव असतात, स्प्रिंगटेल. त्यातले थोडे सोडले तर ते बुरशी खात राहतात. सावकाश रांगणारे गोल ठिपके दिसले तर ते माइट, त्यांना ओल आवडते. माती बदलून कोरडी टाका.

हिरवळ
कडुलिंबाची पानं टाकली तर माइट जातात. आमच्याकडं धान्यात टाकतात.

घाटमाथा
धान्यात टाका, पेटीत नको. कडुलिंबातलं अॅझाडिराक्टिन किड्यांची कात टाकायची क्रियाच बिघडवतं. कोळीही कात टाकूनच वाढतो. तेवढ्यासाठी कोणी प्रयोग करू नका. शेताच्या बांधावरची माती आणणाऱ्यांनाही तेच सांगणं. उसात, सोयाबीनमध्ये काय काय टाकलेलं असतं ते तुम्हीच जाणता. नाकतोडेही शेतातले नकोत, घरातली झुरळं तर अजिबात नकोत. एक डबा घ्या, गव्हाचा कोंडा भरा, मीलवर्म (कोंड्यात वाढणाऱ्या अळ्या) पाळा. ओलाव्याला गाजराचा तुकडा. स्वस्त आणि खात्रीचं.

एक_शंका
जरा वेगळा प्रश्न. चोर्ल्याकडं जाताना रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या उभ्या कापात मोठमोठे कोळी बिळात दिसतात. आपलाच कोळी, आपलंच हवामान, मग तो धरून पाळायला सोपा नाही का? फुकटातही.

घाटमाथा
नाही. तिकडचं बरंचसं रान भीमगड अभयारण्यात येतं, २०११ पासून. तिथलं पानसुद्धा उचलायचं नाही. अभयारण्याबाहेरही नको. मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं राहते, ती उचलली की ती जागा रिकामी होते आणि पुन्हा भरायला फार काळ जातो.

सोपा तर बिलकूल नाही. अमेरिकेकडच्या जाती पोटावरचे केस उडवतात, खाज सुटते, एवढ्यावर भागतं. आपल्याकडच्या जातींना ते केस नसतात, त्या सरळ चावतात आणि विजेसारख्या पळतात. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोईसिलोथेरिया चावल्या तर स्नायूंत पेटके येतात, काही वेळा दिवसच्या दिवस. हा अख्खा वंश २०१९ मध्ये साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलाय. फोटो काढा आणि पुढं चला.

निपाणीचा_नातू
साइटिसचा विषय निघालाच आहे तर कुंदाप्रेमी, कागदपत्रं घेतलीत ना? ब्रॅकिपेल्माही परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात साइटिसमधल्या जातींसाठी अनुसूची ४ आली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असं जनावर बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. घेतलं कोल्हापुरात, पण राहता कर्नाटकात, तेव्हा अर्ज इथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं. ब्रीडरकडून बिल आणि हस्तांतराचा कागद मागून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर पुढची खरेदी त्याच्याकडं करू नका.

सडेतोड
कोळी कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा, हा वाद आता सुप्रीम कोर्टात जाणार 😄

व्यवस्थापक
सडेतोड, हसलो. पण तो धागा वेगळा आहे, इथं कोळीच राहू दे.

कोळीष्टक
मला यातलं काही पटत नाही. जो प्राणी ओळखत नाही, हात लावू देत नाही, महिनोन्महिने बिळात बसतो, तो पाळायचा कशाला?

अथणीची_माई
बाबा, घरात माणसं आहेत की ओळख दाखवायला. हिनं नाही दाखवली तरी चालतं.

कुंदाप्रेमी
कळवायचं राहिलं होतं. माती सात इंच केली, बोर्डवाल्यांनी सांगितल्यासारखं झाकण करून घेतलं, मच्छरदाणी लागली. दुसऱ्या रात्रीच खाली उतरली. हंडीच्या तोंडाशी उकरत होती: पुढच्या पायांनी मातीचा गोळा छातीशी धरायचा, बाहेर आणून टाकायचा, पुन्हा आत. टाकलेल्या मातीवर रेशमाचा पातळ पापुद्रा चढवला. बशी मात्र दर रात्री मातीनं भरून ठेवते.

पण अजून खात नाही. आणि पोटाच्या मागं केस उडालेला टक्कल भाग होता, तो काळा पडत चाललाय. आजार आहे का?

घाटमाथा
आजार नाही, कात टाकायची तयारी आहे. नवे केस आतून दिसतात म्हणून काळं. रातकिडा आत असेल तर आत्ता काढा. कात टाकताना ती पाठीवर उताणी पडते, लोकांना वाटतं मेली. हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, फोटोसाठी हलवायचं नाही. त्या वेळी अंग लोण्यासारखं मऊ असतं, साधा रातकिडाही तिला कुरतडतो. काही तास लागतात. नंतर आठ-दहा दिवस खाद्य नको. नवे सुळे आधी पांढरे, मग लालसर असतात, काळे कुळकुळीत झाले की पहिलं खाद्य द्या. बशीत पाणी भरलेलं ठेवा, एवढंच.

पुढं दहा-पंधरा दिवसांतून एकदा तिच्या पोटाएवढा एक किडा बास. जास्त चारून पोट फुगवाल तर पडल्यावर फुटायचा धोका वाढतो.

बोर्डवाला
गणपतीचं कोणी बोललंच नाही. भाच्याची पेटी रस्त्याकडच्या खोलीत होती. विसर्जनाच्या रात्री डॉल्बी लागली की काच थरथरते, कोळीण पाय आखडून बसते. त्यांना सगळं हादऱ्यावरूनच कळतं म्हणे. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मागच्या खोलीत, खाली जाड फोम. धूप-कापराचं देवघरही त्या खोलीत नको.

निपाणीचा_नातू
आणि पाहुण्यांची पोरं. "हात लावू का काका?" ला उत्तर नाहीच. केस डोळ्यात गेले तर चोळायचं नाही, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं. हाताला लागले तर सेलोटेप चिकटवून ओढा, बरेच निघतात.

एक_शंका
चोर्ल्याचा बेत रद्द. ब्रीडरकडून कागदासकट रेडनीचं पिल्लू घेतोय, अर्ध्या इंचाचं. त्यालाही हीच कोरडी पेटी?

अथणीची_माई
नाही रे बाबा. पिल्लाची कातडी पातळ, ते लवकर सुकतं. त्याला मोठी पेटी नको, खाद्य सापडत नाही. पारदर्शक छोटी डबी, झाकणाखाली टाचणीच्या जाडीची भोकं, दोन बोटं माती. एका बाजूला ड्रॉपरनं पाणी, दुसरी बाजू कोरडी. वाटीऐवजी बाटलीचं झाकण. मीलवर्मचं डोकं चिरडून तुकडा ठेवायचा, सकाळी उरला तर काढायचा.

घाटमाथा
पावसाळ्यात तो ड्रॉपरही बेतानं. माईंच्या हिशेबाचं निम्मं पाणी, जांबोटीला त्याहून कमी. आणि पिल्लानं बिळाचं तोंड मातीनं बंद केलं तर उकरून बघू नका. कात टाकतंय. महिना-दीड महिना लागू शकतो, तोवर ती बाजू दमट ठेवत राहा.

एक_शंका
बरं. डबी आणि कोंडा उद्याच आणतो. बोर्डवाले, पिल्लाच्या डबीला टाचणीएवढी भोकं तुमच्याकडं पडतील का?

बोर्डवाला
१ मिमीचं बिट आहे. डबी रिकामी घेऊन या, पिल्लू घरी ठेवा.